इंग्रजी शब्दांतील स्वर व त्यांचे मराठी लेखन

इंग्रजीत स्वर दाखविणारी अक्षरे पाच आहेत : ए, ई, आय, ओ आणि यू. वाय हे अक्षरही कधी कधी स्वराचे काम करते. ब्रिटिश प्रमाण उच्चारात मात्र स्वरध्वनी सुमारे वीस मानले जातात. एकेका अक्षरावर अनेक ध्वनींचा भार पडत असल्याने लिखित शब्दावरून उच्चार निश्चित सांगता येत नाही. मराठी लेखन मुख्यतः उच्चारानुसारी आहे. त्यामुळे इंग्रजी शब्द मराठीत लिहिताना कानाला ऐकू येणारा स्वर लिहावा की डोळ्यांना दिसणारे अक्षर, हा प्रश्न उद्भवतो. मराठीने निरनिराळ्या काळी या प्रश्नाची दोन्ही उत्तरे दिली आहेत.

विसंगतीचे मूळ

सुमारे १४०० ते १७०० या काळात इंग्रजीतील दीर्घ स्वरांचे उच्चार एकामागून एक सरकले. विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टर येथे १४७६ मध्ये छापखाना काढला आणि पुढे छपाईमुळे शब्दांची अक्षररचना हळूहळू स्थिर होत गेली. उच्चार बदलत राहिले, अक्षरे जुनीच राहिली. 'नाव' या अर्थाच्या 'नेम' या शब्दाचा जुना उच्चार 'नाम' असा, शेवटी अस्फुट 'अ' असलेला होता. संस्कृत 'नामन्' शी असलेले त्याचे नाते तेव्हा कानालाही जाणवण्याजोगे होते.

शब्दान्तीच्या ई या अक्षराचा उच्चार लोपला, तरी त्याला नवे काम मिळाले : आधीच्या स्वराचे नाव उच्चारावे अशी ते खूण करते. 'रॅट' च्या शेवटी ई जोडल्यास 'रेट', 'पिन' चे 'पाइन', 'हॉप' चे 'होप' आणि 'कट' चे 'क्यूट' होते. हा नियम उपयुक्त असला तरी पूर्ण भरवशाचा नाही. 'गिव्ह' आणि 'लव्ह' या रोजच्या शब्दांच्या शेवटीही ई आहे, पण तेथे तो पाळला जात नाही.

मराठी कान

मराठीत इ–ई व उ–ऊ हे भेद लेखनात काटेकोरपणे पाळले जातात. उच्चारात मात्र ऱ्हस्वदीर्घत्व बहुधा अक्षराच्या शब्दातील स्थानावरून ठरते. म्हणून जहाज या अर्थाचा 'शिप' आणि मेंढी या अर्थाचा 'शीप' मराठी भाषकाच्या तोंडी सहज एकरूप होतात. इंग्रजीतील 'एइ' सारखा संयुक्त स्वर मराठीत साधा 'ए' होतो. परिणामी लेखणी आणि वेदना या अर्थांचे दोन वेगळे शब्द मराठीत 'पेन' असेच लिहिले जातात. चाचणी आणि चव या अर्थांचे दोन शब्दही 'टेस्ट' या एकाच रूपात येतात. महाराष्ट्रात २०००-०१ या शैक्षणिक वर्षापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाऊ लागले. तेव्हापासून हे भेद बालवयातच समोर येतात. विद्यार्थ्याने इंग्रजी शब्दाखाली देवनागरीत उच्चार लिहून ठेवला, तर नेमका हाच भेद पुसला जातो.

ॲ आणि ऑ

'बॅट' आणि 'बेट' यांतील भेद मात्र मराठीने सोडला नाही. 'बेट' हा मराठीत स्वतंत्र शब्द असल्याने तो सोडणे सोयीचेही नव्हते. जुन्या छापील मजकुरात हा स्वर 'ब्यांक', 'ग्याझेट', 'म्याजिस्ट्रेट' असा 'या' च्या साहाय्याने दाखविलेला आढळतो. पुढे अर्धचंद्राची खूण रूढ झाली. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयानुसार ॲ आणि ऑ यांना वर्णमालेत स्थान मिळाले आणि बाराखडीची 'चौदाखडी' झाली.

संगणकावर 'ॲ' साठी स्वतंत्र संकेत युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत, २००८ मध्ये आला. त्यापूर्वी 'अ' ला अर्धचंद्र जोडून तो लिहिला जाई. दोन्ही रूपे डोळ्यांना सारखीच दिसतात, पण संगणक त्यांना भिन्न मानू शकतो. त्यामुळे शोध घेताना शब्द असूनही सापडत नाही. 'बँक' या शब्दात अर्धचंद्रावर अनुस्वार येतो आणि त्याचे रूप हिंदीतील अनुनासिक चंद्रबिंदूसारखे दिसते.

कानाने आलेले, डोळ्यांनी आलेले

तिकीट, पाकीट, बूट हे शब्द मराठीने ऐकून घेतले आणि पूर्णपणे आपलेसे केले. मराठी नियमाप्रमाणे त्यांचा उपान्त्य स्वर दीर्घ असतो आणि सामान्यरूपात ऱ्हस्व होतो : तिकिटाचे, पाकिटात, बुटाला. 'टीम' सारखा नंतरचा शब्द हा बदल स्वीकारत नाही; त्याचे रूप 'टीमचा' असेच राहते. 'बिल' आणि 'पिन' यांत नियम एक सांगतो, मूळ उच्चार दुसरे. रूढीने उच्चाराची बाजू घेतली आहे.

'कॉलेज', 'बजेट', 'मार्केट' या शब्दांतील दुसरा स्वर इंग्रजीत सामान्यतः 'इ' सारखा ऐकू येतो. मराठीतील 'ए' हा छापील अक्षरावरून आला आहे. 'पाकीट' रुळले असतानाच 'पॅकेट' हे रूपही पुढे आले. आज पैशांचे ते पाकीट आणि बिस्किटांचे ते पॅकेट, अशी अर्थांची वाटणी झाली आहे.

मराठी नावे रोमन लिपीत

हाच प्रश्न उलट दिशेनेही येतो. जॉन गिलक्रिस्टच्या वळणाच्या जुन्या पद्धतीत 'अ' साठी यू वापरीत. म्हणून रत्नागिरीचे नाव पूर्वी आर, यू, टी या अक्षरांनी सुरू होणारे आढळते. विल्यम जोन्सने १७८८ मध्ये मांडलेल्या पद्धतीत 'अ' साठी ए होते, तर 'आ' साठी त्याच ए वर खूण होती. विल्यम हंटरच्या गॅझेटियरमुळे त्या धर्तीचे लेखन एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारी कामकाजात रूढ झाले. दैनंदिन वापरात वरची खूण गळून पडली आणि 'अ' व 'आ' यांचा भेद नाहीसा झाला.

रत्नागिरी तालुक्यातील पावस हे याचे सोपे उदाहरण आहे. रोमन लेखनात या नावात ए दोनदा येतो : पहिल्यांदा 'आ' साठी, दुसऱ्यांदा 'अ' साठी. गाव ठाऊक असणारा अडखळत नाही, परका मात्र 'पवास' ही वाचू शकतो. जवळच्या गणेशगुळे या गावाच्या नावाच्या शेवटी ई येतो आणि इंग्रजी वळणाचा वाचक तो अनुच्चारित समजतो. एकारान्त आडनावांचीही हीच गत होते : 'काळे' चे 'केल' आणि 'साने' चे 'सेन'.