दोन तारे तुम्ही ओळखा, बाकी मी बघतो!

तोफ आणि दुर्बीण यांच्यात साम्य काय? दोन्ही नळ्याच, हे झालं शाळकरी उत्तर. देवळाली कॅम्पात मात्र याहून चांगलं उत्तर मिळायला हरकत नाही. काकुलहून तोफखान्याचं स्कूल ऑफ आर्टिलरी इथे आलं. तोफ रोखायची तर आकडे दोनच: उत्तरेपासून किती वळायचं आणि आडव्या पातळीपासून किती उचलायचं. वळण्याचा कोन तोफखान्यात 'मिल'मध्ये मोजतात. पूर्ण वर्तुळाचे ६४०० मिल. या हिशेबाने पौर्णिमेचा चंद्र जेमतेम ९ मिल रुंद!

अंगणात ठेवायची कॉम्प्युटरवाली दुर्बीणही बहुतेक वेळा याच दोन कोनांवर चालते. फरक एवढाच, की तिचं लक्ष्य एका जागी थांबत नाही. आकाश तासाला १५ अंश सरकतं. या सरकण्याशी माणसाने कशी झटापट केली, तोच या दुर्बिणीचा इतिहास.

अठराव्या शतकाच्या शेवटी विल्यम हर्शेल लाकडी सांगाड्यात टांगलेली दुर्बीण वापरायचा. नळी वर-खाली करायला दोर आणि मदतनीस, आणि तो ओरडून सांगेल ते टिपून घ्यायला बहीण कॅरोलिन. म्हणजे कंट्रोल सिस्टिम होती, फक्त ती माणसांची होती. मग १८२४ मध्ये फ्राउनहोफरने डॉरपॅटच्या (आजचं एस्टोनियातलं तार्तू) वेधशाळेसाठी मोठी दुर्बीण बनवली. तिचा एक अक्ष त्याने पृथ्वीच्या अक्षाला समांतर तिरका बसवला आणि त्याला घड्याळाची यंत्रणा जोडली. आता दोनऐवजी एकच अक्ष, एकाच वेगाने फिरवला की झालं. देवळालीचा अक्षांश सुमारे २०, म्हणजे इथे असा अक्ष जमिनीपासून २० अंश उचलायचा, नेमका ध्रुवताऱ्याकडे.

असलीच एक मोठी दुर्बीण महाराष्ट्रात होती, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये (म्हणजे आजच्या सीओईपीत!) कावसजी दादाभाई नायगमवाला हे प्राध्यापक होते. भावनगरच्या महाराजांची देणगी आणि मुंबई सरकारची मदत यांतून १८८८ मध्ये 'महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा' उभी राहिली. तिथली ग्रब कंपनीची २० इंची परावर्तक दुर्बीण त्या काळी देशातली सर्वांत मोठी होती. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला नायगमवाला आपला चमू घेऊन सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला गेले. तिथे अमेरिकेच्या लिक वेधशाळेचाही तळ पडला होता. पुण्याच्या कॉलेजातला मास्तर आणि कॅलिफोर्नियाची वेधशाळा, दोघे एकाच गावात, एकाच सूर्याकडे डोळे लावून!

पुढे काय झालं? १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद झाली. दुर्बीण तमिळनाडूतल्या कोडाईकनालला गेली. आमच्या भाषेत याला 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' म्हणतात. हार्डवेअर उत्तम होतं, बॅकअप माणूस नव्हता.

असो. आता कॉम्प्युटरकडे. १९७५ मध्ये सोव्हिएत रशियाने कॉकेशस पर्वतात ६ मीटर आरशाची दुर्बीण सुरू केली. एवढं धूड तिरक्या अक्षावर पेलणं अवघड, म्हणून ते पुन्हा तोफेसारखंच बसवलं. आता दोन्ही अक्ष सतत बदलत्या वेगाने फिरवायचे, आणि हे काम कॉम्प्युटरला दिलं. १९८७ मध्ये सेलेस्ट्रॉनने आणि १९९२ मध्ये मीडने हेच तंत्र हौशी लोकांच्या दुर्बिणीत आणलं. आतलं गणित आपल्याला ओळखीचं आहे: ताऱ्यांच्या स्थानांचं टेबल आणि एक मॅट्रिक्स. दुर्बीण अंगणात कशीही ठेवा, तिला तारीख-वेळ-ठिकाण द्या आणि दोन तारे नेमके दाखवा. तेवढ्यावरून ती आकाश आणि आपले अक्ष यांचं नातं काढते. मग बटण दाबलं की शनी हजर.

तरी एक गंमत राहतेच. मे महिन्याच्या अखेरीस रात्री दहा-साडेदहाला स्वातीचा तारा देवळालीच्या जवळजवळ डोक्यावरून जातो, खस्वस्तिकापासून जेमतेम एक अंशावरून. अशा वेळी तोफछाप दुर्बिणीची पंचाईत होते. तारा नेहमीच्याच वेगाने चाललेला असतो, पण तिला मात्र काही मिनिटांत अर्धं वर्तुळ गर्रकन फिरावं लागतं. रशियन अजस्र दुर्बीण असो की अंगणातली छोटी, ऐन डोक्यावरचा तुकडा दोघींनाही अवघड!

पण मला खरी महत्त्वाची वाटते ती 'दोन तारे दाखवा' ही अट. यंत्र हजारो गोष्टी शोधून देईल, पण आधी दोन तुम्हाला माहीत हव्यात. मेन्यूत आर्क्ट्युरस आणि स्पायका अशी नावं येतात. हीच आपली स्वाती आणि चित्रा, आजीला कॅलेंडरावरून पाठ असलेली. पुढे ही अटही गेली. नवी यंत्रं कॅमेऱ्याने आकाशाचा फोटो काढून स्वतःच जागा ओळखतात. २०२३ मध्ये आलेल्या सीस्टार एस५० ला तर डोळा लावायची भिंगच नाही, चित्र थेट मोबाईलवर. सोय मोठी आहे, नाकारत नाही. शहरी उजेडातून तेजोमेघ दिसणं ही काही थोडीथोडकी गोष्ट नव्हे.

फक्त १९१२ विसरू नये. देशातली सर्वांत मोठी दुर्बीण असूनही पुण्याची वेधशाळा टिकली नाही, कारण ती एका माणसावर उभी होती. उलट १९४४ मध्ये पुण्यातच हौशी लोकांनी एकत्र येऊन ज्योतिर्विद्या परिसंस्था काढली, ती आजही चालू आहे. यंत्र विकत मिळतं, हप्त्यानेही मिळतं. आकाश ओळखणारा दुसरा माणूस मात्र शेजारी उभं राहूनच तयार करावा लागतो. म्हणून दुर्बीण घेतलीत तर ऑटोमॅटिक सोय असली तरी पहिले दोन तारे हाताने लावा. आणि त्यातला दुसरा तारा बाजूला उभ्या असलेल्या पोराला शोधायला सांगा. पाच मिनिटं जास्त लागतील, लागू देत.