तीन तिरक्या रेषांचा पत्ता

वेबचा नेहमीचा पत्ता आधी सर्व्हरचे नाव सांगतो आणि मग त्या सर्व्हरवरची वाट. सर्व्हरच गाळला तर त्या पत्त्याला काही अर्थ उरत नाही. जून 1996 मध्ये टिम हाउज आणि मार्क स्मिथ यांनी आरएफसी 1959 या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजात एलडॅपच्या पत्त्याचा नमुना मांडला. एलडॅप म्हणजे नेटवर्कवरच्या डिरेक्टरीत माणसे, संस्था, यंत्रे यांच्या नोंदी शोधण्याची बोली. या नमुन्यात सर्व्हरचे नाव ऐच्छिक ठेवले होते. ते गाळले की ‘एलडॅप’ या शब्दानंतर अपूर्णविराम, मग लागोपाठ तीन तिरक्या रेषा आणि त्यापुढे थेट नोंदीचे नाव. कोणत्या सर्व्हरला विचारायचे, हे विचारणाऱ्या प्रोग्रामला आधीच माहीत असले पाहिजे, एवढीच अट. ही मुभा किरकोळ सोय म्हणून दिली गेली असे वाटू शकते. मला मात्र या पत्त्याचा सगळा इतिहास त्या तीन रेषांत साठलेला दिसतो. एलडॅपचा पत्ता मुळात एक नीट बांधलेला प्रश्न आहे, आणि ज्या स्वप्नासाठी तो बांधला गेला ते विरून गेल्यावरही तो टिकला तो याच गुणावर.

ते स्वप्न होते एक्स.500चे. सीसीआयटीटी (आजची आयटीयू-टी) आणि आयएसओ या संस्थांनी 1988 मध्ये साऱ्या जगासाठी एकाच डिरेक्टरीची कल्पना प्रमाणित केली. तिचा आकार झाडाचा: मुळाशी जग, त्याखाली देश, देशाखाली संस्था, संस्थेत विभाग आणि शेवटी माणूस. झाडाच्या फांद्या वेगवेगळ्या सर्व्हरांनी सांभाळायच्या, पण विचारणाऱ्याला झाड एकच दिसायचे. कोणत्याही दारात उभे राहून विचारले तरी उत्तर तेच मिळावे, ही यातली खरी उमेद होती. अडचण होती ती या डिरेक्टरीशी बोलण्याच्या मूळ पद्धतीची. तिला ओएसआय या नेटवर्कच्या प्रमाणाच्या थरांचा सगळा डोलारा लागे आणि त्या काळच्या टेबलावरच्या संगणकांना तो पेलत नसे. मिशिगन विद्यापीठातल्या मंडळींनी 1991 मध्ये डिक्सी नावाची हलकी बोली काढली. जुलै 1993 मध्ये आरएफसी 1487 मधून एलडॅप आले, तेही सुरुवातीला एक्स.500च्या झाडाकडे उघडणारी खिडकी म्हणूनच. म्हणजे 1996 चा पत्ता लिहिला गेला तेव्हा ‘कोणताही सर्व्हर चालेल’ या म्हणण्यामागे एक खरीखुरी अपेक्षा होती.

पण स्वप्नातून पत्ता आपोआप निघत नाही. एक्स.500 मध्ये नोंदीचे नाव हा यंत्रासाठी केलेला बायनरी आकृतिबंध होता. तो कागदावर लिहिता येत नव्हता की पत्रात टाकता येत नव्हता. 1993 मध्ये स्टीव्ह किल यांनी आरएफसी 1485 मध्ये ते नाव साध्या अक्षरांत लिहिण्याची रीत दिली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात हाउज यांनी आरएफसी 1558 मध्ये शोधाच्या अटींना, म्हणजे फिल्टरला, कंसांत लिहायचे रूप दिले. माझ्या मते खरी क्रांती इथे झाली, पत्त्याच्या दस्तऐवजात नव्हे. किल यांच्या रीतीत नाव लहानाकडून मोठ्याकडे जाते: आधी माणूस, मग विभाग, मग संस्था, शेवटी देश. आपल्या पाकिटावर नाव, मु. पो., ता., जि. या क्रमाने उतरणाऱ्या पत्त्यासारखेच. वेबचा मार्ग नेमका उलटा, मोठ्याकडून लहानाकडे. टिम बर्नर्स-ली, लॅरी मॅसिंटर आणि मार्क मॅकाहिल यांच्या आरएफसी 1738 ने डिसेंबर 1994 मध्ये वेबच्या पत्त्यांचे नियम घालून दिले होते. हाउज आणि स्मिथ यांनी त्या चौकटीत किल यांचे नाव जसेच्या तसे बसवले आणि पुढे प्रश्नचिन्हांनी तोडलेले भाग जोडले: कोणती माहिती हवी, किती खोलवर शोधायचे, कोणती अट लावायची. शोधाची खोली तीन प्रकारची: फक्त तीच नोंद, तिच्या लगतची खालची पातळी, किंवा खालचे सगळे झाड. काहीच लिहिले नाही तर फक्त तीच नोंद.

यावर कोणी म्हणेल की प्रश्नचिन्हानंतर प्रश्न लिहिण्याची सोय वेबच्या पत्त्यातही आहे, मग यात वेगळे काय? वेगळेपण मोठे आहे. वेबच्या पत्त्यात प्रश्नचिन्हापुढे काय लिहावे हा त्या त्या सर्व्हरचा घरगुती मामला असतो. एका दुकानाचा प्रश्न दुसऱ्या दुकानाला कळत नाही. एलडॅपच्या पत्त्यात प्रत्येक भागाचा अर्थ प्रमाणानेच ठरवून दिला आहे, त्यामुळे एकच प्रश्न कोणत्याही एलडॅप सर्व्हरला समजतो. म्हणून तर सर्व्हरचे नाव गाळता येते. डिसेंबर 1997 मध्ये एलडॅपची तिसरी आवृत्ती आली, तेव्हा याच गुणाचा उपयोग झाला. एखाद्या सर्व्हरकडे नोंद नसेल तर त्याने हात न झटकता ‘तिकडे विचारा’ असे सांगायचे, आणि ते ‘तिकडे’ एलडॅपच्या पत्त्यातच लिहून द्यायचे, असे ठरले. त्याच महिन्यात आरएफसी 2255 ने पत्त्याचा नमुनाही सुधारला आणि त्याला विस्तारासाठी आणखी एक भाग दिला.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: जगाची एकच डिरेक्टरी कधी झालीच नाही, मग त्या तीन रेषा आज निव्वळ अवशेष नाहीत का? जगाचे झाड उगवले नाही हे खरेच. 1998 पासून ओपनएलडॅप हे मुक्त सॉफ्टवेअर आणि 2000 मध्ये विंडोजबरोबर आलेली ॲक्टिव्ह डिरेक्टरी यांनी एलडॅपला घराघरांत नेले, पण ते संस्थांच्या कुंपणाआड. एका झाडाऐवजी असंख्य कुंड्या झाल्या. तरीही सर्व्हर न सांगणारा पत्ता निरुपयोगी ठरला नाही. जानेवारी 1998 च्या आरएफसी 2247 ने डोमेनची नावे डिरेक्टरीच्या नावांत गुंफण्याची रीत दिली. त्यामुळे देश आणि संस्था यांऐवजी डोमेनचे तुकडे असलेले नाव हाती आले, की त्यावरून डीएनएसला, म्हणजे इंटरनेटवर डोमेनच्या नावांचा ठावठिकाणा सांगणाऱ्या यंत्रणेला, विचारून योग्य सर्व्हर शोधता येतो. ओपनएलडॅपची साधने तीन रेषांचा असा पत्ता याच रीतीने उलगडतात. जागतिक झाडाचे काम डीएनएसने केले आणि रिकाम्या जागेला नवा अर्थ मिळाला.

डिसेंबर 2021 मध्ये लॉगफोरशेल नावाने गाजलेली त्रुटी उघड झाली, तेव्हा एलडॅपचा पत्ता बदनाम झाला. लॉगफोरजे हे जावा प्रोग्रामांच्या नोंदवह्या लिहिणारे साधन. नोंदीच्या मजकुरात विशिष्ट रीतीने लिहिलेला एलडॅपचा पत्ता दिसला की ते तिकडे जाऊन पोचे आणि हल्लेखोराचा कोड चालवून बसे. पत्त्यात प्रश्न भरण्याचे हेच फळ, असे म्हणणे सोपे आहे, पण पुरावा तसे सांगत नाही. त्या हल्ल्याला हल्लेखोराच्या सर्व्हरचे नाव आणि एक साधे नाव एवढेच पुरत असे. खोली, अट यांतले काही लागत नसे. दोष होता तो परक्याने लिहिलेल्या मजकुरातला पत्ता आपणहून उघडण्याचा, आणि डिरेक्टरीतून जावाच्या वस्तू आणण्याच्या सोयीचा. ती सोय 1999 च्या आरएफसी 2713 मध्ये स्वतंत्रपणे आली होती. पत्त्याचा आंधळा पाठलाग केला तर नको ते घडू शकते, हा इशारा तर 1997 च्या दस्तऐवजाच्या सुरक्षेच्या भागात आधीच होता.

मराठी वाचकाला यातली आणखी एक गोष्ट जवळची वाटावी. एलडॅपच्या तिसऱ्या आवृत्तीने नावांसाठी यूटीएफ-8 ही सगळ्या लिप्यांची अक्षरे बाइटांत मांडण्याची पद्धत स्वीकारली, म्हणून डिरेक्टरीत ‘सई’ हे नाव देवनागरीत ठेवता येते. पत्त्यात मात्र ते तसे लिहिता येत नाही: प्रत्येक अक्षराचे तीन बाइट, प्रत्येक बाइटला टक्क्याच्या खुणेसह तीन चिन्हे, म्हणजे दोन अक्षरी नावाला 18 चिन्हे. किल यांनी नाव माणसाला लिहिता येईल असे केले. ते काम आपल्या लिपीपुरते अजून अर्धेच आहे.

जून 2006 मध्ये आरएफसी 4516 ने या नमुन्याचे आजचे रूप ठरवले. 1997 मध्ये सुचवलेला, कोणाच्या ओळखीने डिरेक्टरीत शिरायचे ते सांगणारा विस्तार त्यात काढून टाकला गेला, कारण तो कोणी अमलात आणल्याचे आढळले नव्हते. उदाहरणांच्या यादीत मिशिगन विद्यापीठाची नोंद मात्र अजूनही आहे, सर्व्हरच्या नावाविना, तीन तिरक्या रेषांनंतर. कोणत्या सर्व्हरला विचारायचे ते विचारणाऱ्यावर सोपवून.