फऱ्याभोवतीचे स्नायू : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

कपाटाच्या वरच्या फळीवरचा डबा काढायला आपण हात वर करतो, तेव्हा त्या हालचालीतला साधारण एक तृतीयांश भाग पाठीवर घडतो. तिथला फरा, म्हणजे स्कॅप्युला, फिरतो आणि खांद्याच्या सांध्याची वाटी वरच्या दिशेला वळवून देतो. हे चपटे त्रिकोणी हाड बरगड्यांवर नुसते टेकलेले असते. कॉलरबोनच्या बाहेरच्या टोकाशी असलेला एक छोटा सांधा सोडला, तर त्याची सगळी भिस्त स्नायूंवर. अशा १७ स्नायूंची टोके या एका हाडाला येऊन मिळतात. मानेपासून पाठीच्या मध्यापर्यंत पसरलेला ट्रॅपिझियस, त्याच्याखाली दडलेले ऱ्होम्बॉइड, मानेतून उतरणारा लिव्हेटर स्कॅप्युली, बरगड्यांवरून निघून फऱ्याखालून त्याच्या आतल्या कडेला पोचणारा सेरेटस अँटिरियर, आणि दंडाच्या हाडाचे डोके वाटीत सांभाळणारे रोटेटर कफचे चार स्नायू हे त्यांतले प्रमुख. या स्नायूंचा, त्यांच्या दुखण्याचा आणि त्यांना दिल्या जाणाऱ्या व्यायामांचा अभ्यास हा या पुस्तकाचा विषय आहे. फिजिओथेरपीचे विद्यार्थी, नव्याने प्रॅक्टिस सुरू केलेले थेरपिस्ट, आणि ‘मान धरली’, ‘खांदा भरून आला’, ‘हात वर जात नाही’ या तक्रारींच्या मुळाशी जाऊ पाहणारा कोणताही मराठी वाचक, अशा सगळ्यांचे इथे मनापासून स्वागत.

या क्षेत्रात शिरताना आधी अर्नेस्ट ॲमरी कॉडमन या बॉस्टनच्या सर्जनची ओळख करून घ्यावी. त्यांचा खांद्यावरचा ग्रंथ १९३४ साली निघाला. त्याची प्रस्तावना म्हणजे जवळजवळ आत्मचरित्रच आहे. दंड आणि फरा एकमेकांच्या लयीत हलतात, या निरीक्षणाला त्यांनी नाव दिले. ‘फ्रोझन शोल्डर’ हा आज आपल्याकडे घरोघरी ऐकू येणारा शब्दही त्यांचाच. पुढे वाकून हात लोंबता सोडायचा आणि हलकेच झुलवायचा, हा प्रत्येक फिजिओथेरपी विभागात शिकवला जाणारा व्यायाम आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. पण कॉडमन यांचा ध्यास वेगळाच होता. उपचार केलेल्या प्रत्येक रुग्णाला वर्षभराने पुन्हा बोलवावे, त्याचे काय झाले ते कार्डावर लिहावे, गुण आला नसेल तर का आला नाही हे शोधावे, आणि हे सगळे उघडपणे मांडावे, असा त्यांचा आग्रह होता. सहकाऱ्यांना तो मानवला नाही. १९१४ मध्ये त्यांनी मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलचा राजीनामा दिला. १९४० साली ते वारले. त्यांच्या कबरीवर नावाचा दगड बसला तो थेट २०१४ मध्ये.

कॉडमन यांच्या वारशातला पहिला भाग, म्हणजे हालचाल बारकाईने पाहणे, आमच्या क्षेत्राने लगेच उचलला. रुग्णाचे पुढे काय झाले, हा दुसरा प्रश्न मात्र फार उशिरा हाती घेतला. हे पुस्तक वाचताना हा धागा डोळ्यांपुढे ठेवावा, अशी माझी विनंती आहे.

हालचाल पाहण्याचे काम विलक्षण चिकाटीने झाले. १९४४ मध्ये इनमन, सॉन्डर्स आणि ॲबट यांनी क्ष-किरण, स्नायूंतील विद्युत संकेत आणि एका जिवंत व्यक्तीच्या हाडांत बसवलेल्या पिना यांच्या आधारे खांद्याची गती मोजली. दंड दोन अंश वळला की फरा एक अंश वळतो, हे प्रमाण तेव्हापासून पाठ्यपुस्तकांत आहे. पुढे २००१ साली मॅक्लुअर आणि सहकाऱ्यांनी आठ निरोगी स्वयंसेवकांच्या फऱ्यांत पिना बसवून तिन्ही अक्षांवरची गती टिपली. हात पूर्ण वर जाईपर्यंत फरा सरासरी ५० अंश वर फिरतो, ३० अंश मागे कलतो आणि २४ अंश बाहेर वळतो, असे त्यांना दिसले. मागे कलणे आणि बाहेर वळणे नुसत्या डोळ्यांना जेमतेम कळते. म्हणून हे आकडे मोलाचे आहेत, आणि स्वतःच्या हाडात पिना बसवून घेणारे ते आठ जणही.

ट्रॅपिझियसची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी. दिवसभर लॅपटॉपवर बसून संध्याकाळी आपण मान आणि खांद्याच्या मधला जो भाग चोळतो, तो या स्नायूचा वरचा हिस्सा. हा हिस्सा खांदा वर खेचतो, असे पिढ्यान्पिढ्या शिकवले गेले. १९९४ मध्ये जॉन्सन, बोगडक आणि सहकाऱ्यांनी मृतदेहांत त्याचे तंतू एकेक करून सोडवले, तेव्हा वेगळेच चित्र पुढे आले. मानेतून निघणारे तंतू खाली उतरून कॉलरबोनच्या बाहेरच्या भागाला मिळतात आणि त्यांची दिशा बरीचशी आडवी असते. फऱ्याला सरळ वर उचलण्याजोगी ती नाही. हे तंतू कॉलरबोनचे टोक आत आणि मागे ओढतात, त्यामुळे कॉलरबोन छातीच्या हाडाजवळच्या सांध्यावर फिरते आणि हाताचा भार त्या सांध्याकडे जातो. मानेच्या मणक्यांवरचा ताण त्यामुळे हलका होतो. म्हणजे ज्या स्नायूला आपण मानदुखीचा आरोपी ठरवून नुसता सैल करत बसतो, तो मानेचा भार वाहून नेणारा निघाला.

या दृष्टीने डेन्मार्कमधल्या लार्स अँडरसन यांच्या गटाचे २००८ चे काम पाहावे. ट्रॅपिझियस दुखणाऱ्या ४८ स्त्रियांवर हा अभ्यास झाला. त्यांतल्या एका गटाला डंबेल घेऊन खांदे उचलणे आणि हात बाजूला वर नेणे असे भरभक्कम व्यायाम दिले, दुसऱ्या गटाला सायकलचा व्यायाम. दुखणे ठळकपणे आणि टिकून कमी झाले ते डंबेलवाल्या गटात. दुखऱ्या स्नायूवर भार घालायला रुग्ण घाबरतो आणि थेरपिस्टही कचरतो. या प्रयोगाने आमच्यातल्या अनेकांचा हात मोकळा केला.

स्नायू किती काम करतो हे मोजायचे साधन म्हणजे ईएमजी. त्वचेवर चिकटवलेले इलेक्ट्रोड खालच्या स्नायूचा विद्युत संकेत पकडतात. रुग्णाने पूर्ण जोर लावल्यावर मिळणारा संकेत शंभर टक्के धरायचा आणि व्यायामातला संकेत त्याच्या तुलनेत मांडायचा, ही पद्धत. तिच्या मर्यादा विद्यार्थ्यांनी पहिल्या दिवसापासून ओळखाव्यात. हात वर जातो तशी त्वचा स्नायूवरून सरकते. शेजारच्या स्नायूचा संकेत मिसळतो. आणि ज्याचा खांदा दुखतो, तो पूर्ण जोर लावतच नाही, त्यामुळे शंभर टक्क्यांचा आधारच डळमळतो. तरीही या साधनाने फार उपयोगी गोष्टी हाती आल्या. लुडविग आणि कुक यांनी २००० साली ५२ बांधकाम कामगारांचा अभ्यास केला. या सगळ्यांना हात डोक्यावर धरून काम करण्याची सवय होती. ज्यांचे खांदे दुखत होते त्यांच्यात सेरेटस अँटिरियर कमी काम करत होता आणि फरा पुरेसा वर फिरत नव्हता. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठात ॲन कूल्स यांनी २००७ मध्ये ४५ निरोगी व्यक्तींकडून १२ व्यायाम करवून घेतले. वरचा ट्रॅपिझियस फार न उठवता मधला आणि खालचा हिस्सा जागवणारे चार व्यायाम त्यांतून निवडले गेले. कुशीवर झोपून कोपर बरगडीला टेकवायचे आणि पंजा छताकडे न्यायचा, हा त्यांतला एक. आज जवळपास प्रत्येक थेरपिस्ट तो देतो.

मग प्रश्न आला फऱ्याच्या बिघडलेल्या चालीचा. अमेरिकेतल्या बेन किबलर यांनी १९९८ मध्ये खेळाडूंच्या खांद्यात फऱ्याचे काम काय, यावर जे लिहिले, त्याने या विषयाकडे सगळ्यांचे लक्ष गेले. तपासणी सोपी वाटते. रुग्णाला पाठमोरे उभे करायचे, दोन्ही हातांत वजन द्यायचे, हलक्या माणसाला सुमारे १.४ किलो आणि जड माणसाला २.३ किलो, आणि हात सावकाश वर नेऊन तितक्याच सावकाश खाली आणायला सांगायचे. पाहायचे ते खाली येताना. फऱ्याची आतली कड बरगड्यांपासून सुटून त्वचेखाली उठून दिसते, किंवा खालचे टोक मध्येच झटका देते. एकदा हे दिसू लागले की जो तो खांदा बिघडलेला भासतो, आणि तिथेच सावध व्हायचे. बर्न आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये उपलब्ध अभ्यास एकत्र केले. हात डोक्यावरून फिरवणाऱ्या खेळाडूंपैकी ६१ टक्क्यांत आणि इतर खेळाडूंपैकी ३३ टक्क्यांत अशी चाल आढळली. इतक्या खेळाडूंत जी आढळते, तिला आजार म्हणायचे की त्या शरीराची सवय? मला स्वतःला सवयीची बाजू अधिक पटते. या पुस्तकातल्या एका लेखात याच्या उलट मत आहे आणि ते मुद्दाम ठेवले आहे.

आता कॉडमन यांचा दुसरा प्रश्न. चार्ल्स नीर यांनी १९७२ मध्ये मांडले की, खांद्याच्या छताचे हाड खालच्या कंडरेला घासते म्हणून दुखते. ते हाड तासण्याची शस्त्रक्रिया पुढे जगभर रूढ झाली. ब्रिटनमधल्या ३२ रुग्णालयांत ३१३ रुग्णांवर एक चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. काहींचे हाड तासले, काहींच्या सांध्यात फक्त दुर्बीण घालून बाहेर काढली, काहींवर काहीच केले नाही. हाड तासलेले आणि नुसती दुर्बीण घातलेले यांच्यात फरक पडला नाही. ‘घासते म्हणून दुखते’ हे स्पष्टीकरण तिथे खिळखिळे झाले.

आमच्या बाजूलाही तीच परीक्षा आली. २०२१ च्या ग्रास्प चाचणीत रोटेटर कफच्या दुखण्याचे ७०८ रुग्ण होते. काहींकडून थेरपिस्टने सोळा आठवड्यांत जास्तीत जास्त सहा भेटींत वाढत्या भाराचे व्यायाम करवले. काहींना एकाच भेटीत नीट समजावून सांगून घरी करायचे साधे व्यायाम दिले. वर्षभराने दोन्ही गट सारखेच होते. हा निकाल ऐकून काही तरुण थेरपिस्ट खट्टू होतात, याचे मला वाईट वाटते. त्या एका भेटीत काय होते ते वाचा. दुखण्याचा अर्थ समजावणे होते, धीर होता आणि व्यायामही होते. इंग्लंडमध्ये रेचेल चेस्टर यांनी फिजिओथेरपीला आलेल्या १,०३० रुग्णांचा माग ठेवला. कोण बरे होईल याचा अंदाज खांदा तपासून मिळणाऱ्या बहुतेक खुणांपेक्षा, ‘मी पूर्ण बरा होईन’ ही रुग्णाची अपेक्षा आणि दुखत असतानाही आपण कामे करू शकतो हा त्याचा विश्वास, यांवरून अधिक चांगला येत होता. रुग्णाशी बोलणे हा उपचाराचा गाभा आहे, हे यानंतर वेगळे सिद्ध करायला नको.

व्यायाम किती द्यावा, यावरही डेन्मार्ककडून उत्तर आले. २०११ मध्ये मान-खांदा वारंवार दुखणाऱ्या १९८ कार्यालयीन कर्मचाऱ्यांतल्या एका गटाने रोज दोन मिनिटे आणि दुसऱ्याने बारा मिनिटे रबरी नळी पायाखाली धरून हात बाजूला उचलले. आठवड्यातून पाच दिवस, दहा आठवडे. नुसती माहिती मिळालेल्या तिसऱ्या गटापेक्षा दोघांचेही दुखणे कमी झाले, आणि दोन मिनिटांचा फायदा बारा मिनिटांच्या बराच जवळ होता. वेळ नाही म्हणणाऱ्या रुग्णाला सांगायला याहून चांगली बातमी नाही.

आता आपल्याकडचे पाहू. मुंबईत १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला के. ई. एम. रुग्णालयात फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले, ते पोलिओच्या निकडीतून. कोणता स्नायू शिल्लक आहे आणि किती, हे तपासत आमच्या गुरुजनांची पिढी घडली, आणि एकेक स्नायू हाताने जोखण्याची ती शिस्त आजही आमच्याकडे चांगली आहे. दुखऱ्या खांद्याला मात्र तेवढी पुरत नाही, कारण इथे स्नायू शाबूत असतो आणि प्रश्न त्याच्या कामाचा असतो. स्वीडनच्या गोरान हेग यांनी १९९१ मध्ये मांडलेला सिद्धान्त इथे उपयोगी पडतो. हलक्या पण अखंड कामात स्नायूतले तेच ते छोटे तंतू सर्वांत आधी कामाला लागतात आणि सर्वांत शेवटी सुटतात. म्हणून, सर्वांआधी उठून सर्वांनंतर झोपणाऱ्या परीकथेतल्या मुलीवरून, हेग यांनी या तंतूंना सिंड्रेला म्हटले.

इथवर सांगितलेले बहुतेक सगळे खांदे युरोप-अमेरिकेतले आहेत. आपल्याकडे डोक्यावर आणि पाठीवर ओझे वाहणाऱ्यांसाठी १९६९ पासून माथाडी कायदा आहे. पण पोत्याखाली वाकलेल्या पाठीत सेरेटस अँटिरियर काय करतो, डोक्यावर ओझे असताना ट्रॅपिझियसचा वरचा हिस्सा मान वाचवतो की तोच आधी थकतो, हे प्रश्न अभ्यासकाची वाट पाहत आहेत. ऊसतोडीच्या फडात एका हाताने कोयता चालतो आणि दुसऱ्या हाताने ऊस धरला जातो. मग मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचे. दोन खांद्यांना दोन वेगळी कामे आणि मानेला तिसरे, असा हा दिवस असतो. त्यात त्या छोट्या तंतूंना कधी सुट्टी मिळते का, हे मोजता येण्याजोगे आहे. बिनतारी ईएमजीचे सेन्सर आज एका पिशवीत मावतात आणि एका पदव्युत्तर प्रबंधात बसेल एवढेच हे काम आहे. फडावर मात्र पहाटेच पोचावे लागेल, कारण तोड उजाडण्याआधी सुरू होते.