जुन्या घड्याळांची पारख

शहाजीराजांच्या जहागिरीचे ठाणे म्हणून बंगळूरचे नाव मराठी माणसाच्या कानावर लहानपणापासून पडलेले असते. त्याच शहराने विसाव्या शतकात आणखी एक लौकिक मिळविला, तो घड्याळांचा. हिंदुस्थान मशीन टूल्स, म्हणजेच आपल्या परिचयाची एचएमटी, हिचा घड्याळांचा पहिला कारखाना १९६१ साली येथे सुरू झाला. टायटन कंपनीचे मुख्य कार्यालयही याच शहरात आहे. अशा गावी राहणारा एखादा गृहस्थ जुन्या स्विस घड्याळांचा संग्रह करावयास निघाला, तर ऐकणाऱ्यास थोडे नवल वाटते. घरची गंगा सोडून परक्या तीर्थाला जाण्याचा हा प्रकार, असे कोणी म्हणेलही. परंतु इतिहास चाळू लागले म्हणजे दिसते की, स्विस घड्याळ आपल्याकडे फार काळ परके राहिलेच नव्हते. ते येथे आले, येथल्या हातांनी दुरुस्त झाले आणि येथल्या घरांत वारसाहक्काने पुढच्या पिढीकडे गेले. ज्याला असा संग्रह करावयाचा आहे, त्याला ही हकीकत आधी माहीत असावयास हवी. कारण पैसा कितीही असला तरी पारख नसेल, तर हा छंद फसवणुकीतच संपतो.

जिनीव्हा शहरात सोळाव्या शतकात कॅल्विनच्या धर्मसुधारणेने दागदागिन्यांवर बंधने आणली. तेथील सोनारांनी आपले कसब घड्याळांकडे वळविले. पुढे हा धंदा जुरा पर्वताच्या खोऱ्यांत पसरला. हिवाळ्यात बर्फाने शेती बंद पडली की शेतकरी कुटुंबे घरी बसून घड्याळाचे सुटे भाग घडवीत. या मुलखातील ल लोक्ल या गावी १७३७ साली फाव्र घराण्याच्या व्यवसायाची पहिली नोंद सापडते. याच घराण्याची फाव्र-लुबा ही पेढी १८६५ साली हिंदुस्थानच्या बाजारात उतरली आणि पुढे मुंबईत स्थिरावली. तिच्या पाठोपाठ सेंट इमिए गावच्या द्रोझ घराण्याने १८८६ साली वेस्ट एन्ड वॉच कंपनी या नावाने मुंबईत आपला व्यापार मांडला. नाव लंडनच्या प्रतिष्ठित वस्तीचे, घड्याळ स्विस आणि गिऱ्हाईक हिंदुस्थानी, असा हा त्रिवेणी संगम होता.

या व्यापाऱ्यांनी आपले गिऱ्हाईक चांगले ओळखले होते. वेस्ट एन्डच्या एका घड्याळाचे नाव होते ‘सोवार’, म्हणजे आपला घोडेस्वार. पहिल्या महायुद्धात हिंदी फौजा मेसोपोटेमियात लढल्या, तेव्हा वेस्ट एन्डची घड्याळे सैन्याबरोबर गेली. खिशातले घड्याळ मनगटावर आले ते मुख्यतः याच युद्धामुळे. खंदकातल्या माणसाला खिशात हात घालून वेळ पाहण्याइतकी सवड नसते. त्यापूर्वी पुरुषाने मनगटावर घड्याळ बांधणे हे नाजूकपणाचे लक्षण समजले जाई. युद्धाने तो समज पुसून टाकला.

त्या काळी घड्याळ लावावयाचे तरी कोणत्या वेळेवर, हाही एक प्रश्नच होता. १ जानेवारी १९०६ पासून देशासाठी एक प्रमाणवेळ ठरविण्यात आली. परंतु मुंबई शहरात जुनी मुंबई वेळ, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे, १९५५ पर्यंत टिकून राहिली. मुंबईकराच्या खिशातल्या जुन्या घड्याळाने या दोन वेळांचा हिशेब अनेक वर्षे सांभाळला आहे.

१९३१ साली ‘रिव्हर्सो’ नावाचे घड्याळ निघाले. हिंदुस्थानात पोलो खेळणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या घड्याळांची काच फुटत असे, म्हणून ते पालथे करता येईल असे बनविले, असे सांगतात. १९३४ मध्ये ‘इन्काब्लॉक’ ही धक्के सोसणारी रचना आली. त्यामुळे घड्याळ हातातून पडले तरी त्याच्या तोलचक्राचा नाजूक आस मोडण्याचे भय पुष्कळच कमी झाले. या आसाचे काम किती कष्टाचे असते ते पाहण्यासारखे आहे. नेहमीच्या जुन्या घड्याळाचे तोलचक्र तासाला १८,००० ठोके देते. म्हणजे दिवसाला ४,३२,०००. मनगटावरचा एवढासा कामगार वर्षानुवर्षे रात्रंदिवस असा राबतो. म्हणूनच त्याला वेळच्या वेळी तेल लागते, आणि तेल सुकले की तो झिजू लागतो.

हे तेल घालणारा माणूस म्हणजे घड्याळजी. स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाच्या टंचाईमुळे आयातीवर निर्बंध आले. नवे स्विस घड्याळ दुर्मीळ झाले आणि सोन्याप्रमाणे त्याचीही चोरटी आयात होऊ लागली. साध्या संसारी माणसापुढे जुनेच घड्याळ टिकविण्याचा मार्ग उरला. मग डोळ्याला भिंग लावून बसणाऱ्या घड्याळजीने एका घड्याळाचा भाग दुसऱ्यात बसविला, झिजलेली किल्ली बदलली. दमट हवेने काळवंडलेली तबकडी खरवडून पुन्हा रंगविली गेली व तिच्यावर नव्याने नाव छापले गेले. मालकाची त्याला मुळीच हरकत नसे. त्याला वेळ दिसावयास हवी होती आणि लग्नकार्यात घड्याळ नवे दिसावयास हवे होते.

येथपर्यंत सारे प्रामाणिक होते. अडचण पुढे निर्माण झाली. जुन्या घड्याळांना जगभर मागणी आली, तेव्हा हीच रंगवलेली घड्याळे ‘मूळची’ म्हणून विकली जाऊ लागली. निरनिराळ्या घड्याळांचे भाग जुळवून, भडक निळ्या किंवा केशरी तबकडीवर एखादे मोठे स्विस नाव छापून बाजारात माल येऊ लागला. परदेशी संग्राहकांनी अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ असे कुत्सित नावच देऊन टाकले. ज्या शहराने स्विस घड्याळाला या देशात घर दिले, त्या शहराचे नाव अखेर बनावट मालाला चिकटावे, ही खेदाची गोष्ट आहे. पण व्यापारातल्या लबाडीपेक्षाही मोठी हानी निराळी आहे. तबकडीवरचा मूळ रंग आणि मूळ अक्षर एकदा खरवडले की ते कोणत्याही कारागिराला परत आणता येत नाही. जुन्या दस्तऐवजावर नवी शाई फिरवावी, तसेच ते होय.

म्हणून नव्या संग्राहकाने आधी डोळा तयार करावा आणि मग पाकीट उघडावे. तबकडीवरची अक्षरे भिंगाखाली पाहावीत. कारखान्यातली छपाई बारीक व एकसारखी असते, रंगविलेली जाड आणि हलती दिसते. मिनिटांच्या खुणा तासांच्या खुणांशी नीट जुळतात की नाही, ते तपासावे. विसाव्या शतकातील बहुतेक स्विस तबकड्यांच्या तळाशी, सहाच्या आकड्याजवळ, स्वित्झर्लंडचा उल्लेख असतो. रंगविताना तो पुष्कळदा गळतो. पाठीमागचे झाकण उघडून आतल्या यंत्रावरचे नाव व तबकडीवरचे नाव यांचा मेळ पाहावा. नवेपणाचा मोह तर मुळीच धरू नये. सत्तर वर्षांच्या वस्तूने सत्तर वर्षांची दिसावे, यात तिचा काही अपमान नाही.

एक सावधगिरी मात्र आरोग्यासाठी. जुन्या घड्याळांचे काटे व आकडे अंधारात चमकावेत म्हणून १९६० च्या सुमारापर्यंत रेडियमचा रंग वापरीत. ती चमक कधीच विझली असली तरी रेडियम तेथेच असते. त्याचे अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षांचे आहे. असे घड्याळ घरी उघडून त्याचा रंग खरडणे धोक्याचे आहे. ते काम जाणकारावरच सोपवावे.

आता पुन्हा बंगळूरकडे वळू. हिंदुस्थान मशीन टूल्सची स्थापना १९५३ साली झाली, ती ओर्लिकॉन या स्विस कंपनीच्या सहकार्याने. म्हणजे यंत्रे घडविण्याचा पहिला धडा या संस्थेने स्विस शिक्षकाकडून घेतला. पण घड्याळांची वेळ आली तेव्हा तिने जपानच्या सिटिझन कंपनीशी हात मिळविला. १९६१ साली तिची पहिली घड्याळे पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते बाहेर पडली. पुढे ‘जनता’ नावाचे किल्लीचे साधे घड्याळ घराघरांत पोचले. देवनागरी आकड्यांच्या तबकड्याही निघाल्या. जे मनगट आयातीच्या परवान्याकडे किंवा चोरट्या मालाकडे पाहत असे, त्याला प्रथमच स्वदेशी घड्याळ मिळाले.

काळाने पुढे दोघांनाही एकाच तराजूत घातले. १९६९ च्या डिसेंबरात जपानमध्ये क्वार्ट्झचे पहिले मनगटी घड्याळ विक्रीस आले. स्वित्झर्लंडच्या घड्याळधंद्यात १९७० च्या सुमारास ९०,००० च्या आसपास माणसे होती. पंधरा वर्षांत ती संख्या जवळजवळ एकतृतीयांशावर आली. १९८४ साली स्थापन झालेल्या टायटनने होसूरच्या कारखान्यातून क्वार्ट्झ घड्याळे काढली आणि एचएमटीची किल्लीची घड्याळे मागे पडत गेली. २०१६ च्या जानेवारीत केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करण्यास संमती दिली. कालची ‘जनता’ आज संग्राहकाच्या पेटीत ‘सोवार’च्या शेजारी येऊन बसली आहे. इतिहासाला अशा सोयरिकी जुळविण्याची हौस असते.

तेव्हा बंगळूरच्या त्या गृहस्थाने संग्रहाची सुरुवात कोठून करावी? अव्हेन्यू रोडच्या परिसरात रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारातून, की लिलावातून? त्याने आधी घरचे कपाट उघडावे हे उत्तम. आजोबांचे बंद पडलेले घड्याळ एखाद्या डब्यात, जुन्या चष्म्याशेजारी पडलेले असण्याचा संभव पुष्कळ आहे. त्याची किंमत बाजारात फार येणार नाही. परंतु त्याचा मालक कोण, ते कधी घेतले, कोणत्या नोकरीत वापरले, हे सांगणारे माणूस अजून घरात असेल. त्या माणसाला विचारून सारे एका वहीत लिहून ठेवावे. विकत घेतलेल्या घड्याळाबरोबर असा वृत्तान्त सहसा येत नाही. त्यानंतर एखादा चांगला घड्याळजी शोधावा, आणि तबकडीला हात लावू नका, एवढेच त्याला बजावावे. दुसरे घड्याळ विकत घेण्यापूर्वी पहिले नीट समजून घ्यावे.

अशा घड्याळाचे पाठचे झाकण काढले की त्याच्या आतल्या बाजूस पुष्कळदा सुईने ओरखडलेल्या बारीक खुणा दिसतात. कोठे तारीख असते, कोठे आद्याक्षरे, कोठे नुसता आकडा. दुरुस्तीची आठवण राहावी म्हणून घड्याळजींनी त्या करून ठेवलेल्या असतात. बाहेरच्या तबकडीवर जिनीव्हाचे किंवा सेंट इमिएचे नाव मिरवत असते; आत मात्र कोणा पुण्याच्या, बेळगावच्या वा बंगळूरच्या अनाम कारागिराची सही असते. या खुणा पुसून झाकण चकचकीत करण्याचा मोह ज्याला आवरता आला, त्याला जुन्या घड्याळांची पारख आली असे समजावे.