शीर आखडली, पण कोणती?

आपली मराठी शब्दांनी श्रीमंत आहे. पण कातडीखालच्या गोष्टींबाबत ती जरा कंजूषच. रक्त वाहून नेणारी ती शीर, स्नायूला हाडाशी बांधणारी कंडरा तीही शीर आणि मेंदूचा निरोप बोटापर्यंत पोचवणारा मज्जातंतू, तोही शीरच! आमच्या जिते-हमरापूर परिसरात गणपतीच्या कारखान्यात दिवसभर डोळ्यांची आखणी करणारा कारागीर संध्याकाळी मनगट दाबत म्हणतो, 'शीर आखडली.' पण कोणती?

या प्रश्नाला उत्तर द्यायला वैद्यांकडे शतकानुशतके स्वतःच्या बोटांखेरीज फारसे काही नव्हते. १८९५ साली रोंटगेन यांना क्ष-किरण सापडले आणि हाड दिसू लागले. मऊ भाग मात्र अंधारातच राहिला. तो उजळला आवाजाने. माणसाचा कान सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतच ऐकतो. त्यापलीकडचा ध्वनी शरीरात सोडायचा आणि प्रतिध्वनीवरून चित्र उभे करायचे, ही सोनोग्राफी. ऑस्ट्रियाच्या कार्ल डुसिक यांनी १९५८ साली सांध्याभोवतीचे भाग ध्वनी किती शोषतात ते मोजले. त्याच वर्षी ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी गर्भाची चित्रे प्रसिद्ध केली आणि जगाचे लक्ष पोटाकडे वळले. १९७२ मध्ये मॅकडोनल्ड आणि लिओपोल्ड यांनी गुडघ्यामागची सूज ही पाण्याची गाठ आहे की शिरेत गोठलेले रक्त, हे याच तंत्राने ओळखून दाखवले. पुढे यंत्रांची कंपनसंख्या वाढली आणि १९८०च्या दशकाअखेर मज्जातंतूही दिसू लागले. पडद्यावर रक्तवाहिनी काळी दिसते, कंडरा सुतळीच्या पिळासारखी, तर मज्जातंतूचा आडवा छेद मधाच्या पोळ्यासारखा. एका 'शिरे'चे तीन अर्थ असे वेगळे झाले.

आपल्याकडे सोनोग्राफी म्हटले की गर्भच आठवतो. मुलींच्या जिवावर उठलेल्या गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्राने केला. १९९४ मध्ये तो देशभरासाठी झाला. त्यामुळे खांद्याची सोनोग्राफी सांगितली, तर माणूस अजूनही चमकतो.

आमच्या रायगडात या तंत्राचे मोल वेगळेच आहे. कुष्ठरोग मज्जातंतूंवर घाला घालतो. कोपराच्या आतल्या बाजूचा तंतू सुजतो, करंगळी बधिर होते, मग बोटे वाकतात. २००५ अखेर देशपातळीवर या रोगाचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. पण मुंबईच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चने शेजारच्याच पनवेल तालुक्यात घरोघर पाहणी केली, तेव्हा कुणाच्या नोंदीत नसलेले रुग्ण सापडले. तो अहवाल २००९चा. त्याच वर्षी हैदराबादच्या संशोधकांनी दाखवून दिले, की बोटांना जाणवते त्याहून अधिक सूज सोनोग्राफीत दिसते आणि तंतूत वाढलेला रक्तप्रवाहही टिपता येतो. औषधाने जंतू मरतात, पण मेलेला तंतू जिवंत होत नाही. सूज वेळीच कळली, तर स्टेरॉइड देऊन हात वाचवता येतो.

डॉक्टरांच्या बोटांची जागा यंत्र घेणार नाही, घेऊही नये. पण हाताला मुंग्या येत असतील, करंगळीला चटका कळत नसेल, तर शीर आखडली म्हणून महिनोन् महिने तेल चोळत बसू नका. दवाखान्यात जा आणि विचारा, 'डॉक्टर, कोणती शीर?'

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)