हजेरीपट आणि वार्धक्य

सरकारी आरोग्यविम्याचा इतिहास पाहूं गेल्यास तो प्रथमतः हजेरीपटाचाच इतिहास आहे, असें दिसून येतें. जर्मनींत बिस्मार्कनें १८८३ सालीं कामगारांचा आजारविमा सक्तीचा केला आणि १८८९ सालीं वृद्धवेतनासाठीं सत्तर वर्षांची मर्यादा घातली. दोन्ही कायदे मजुरीच्या नोंदीवर उभे होते. मग वय झालें तरी ज्याचें काम सुटत नाहीं, आणि ज्याचें नांव कोणत्याच हजेरीपटावर नाहीं, त्यानें कोणाच्या दाराशीं जावें?

बुलढाणा जिल्ह्यास हा प्रश्न फार जवळचा आहे. प्रा. बी. पी. आडारकर यांच्या १९४४ च्या अहवालावरून १९४८ सालीं कर्मचारी राज्य विमा कायदा झाला, व २४ फेब्रुवारी १९५२ रोजीं कानपूर आणि दिल्ली येथें योजना सुरू झाली. परंतु या कायद्यानें हंगामी कारखाने वगळले. आणि त्यांच्या व्याख्येंत सरकी काढण्याचे व कापसाचे गठ्ठे दाबण्याचे कारखाने स्पष्ट शब्दांत घातले. खामगांव ही तर वऱ्हाडांतील कापसाची जुनी पेठ; १८७० सालीं जलंबहून आगगाडीचा फांटा तेथवर आला. ज्या धंद्यावर हा प्रदेश वाढला, त्यांतीलच मजूर अशा रीतीनें व्याख्येंतच बाहेर राहिले. शेतकरी तर कायद्याच्या विचारांतहि नव्हता.

२०१२ सालीं राज्यांतील आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आली, व २०१३ मध्यें ती राज्यभर झाली. तेव्हां हजेरीपटाची जागा शिधापत्रिकेच्या रंगानें घेतली. पिवळ्या व केशरी पत्रिकेस प्रवेश मिळाला. पुढें शेतकरी-आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांत पांढऱ्या पत्रिकेच्या शेतकऱ्यांसहि तो मिळाला. या चौदांत बुलढाणा आहे. २०१७ सालीं योजनेस महात्मा जोतिराव फुले यांचें नांव देण्यांत आलें.

खरी कलाटणी मिळाली ती २९ ऑक्टोबर २०२४ रोजीं. आयुष्मान भारत योजना सत्तर वर्षें पूर्ण झालेल्या प्रत्येकास खुली झाली. उत्पन्न विचारावयाचें नाहीं, तो अजून राबतो कीं घरीं बसला आहे हेंहि नाहीं. आधार कार्डावरील वय तेवढें पाहावयाचें. कर्मचारी विम्यांतील किंवा खासगी विमा घेतलेला वृद्धहि नोंदणी करूं शकतो. केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेंतील मनुष्यास मात्र दोहोंपैकीं एक निवडावी लागते. कुटुंब आधींच योजनेंत असेल, तर त्यांतील वृद्धांस वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचें निराळें संरक्षण आहे.

तथापि नोंदणीची अट राहिलीच. जन्माची नोंदच नसलेल्या माणसाच्या आधारावर अंदाजानें लिहिलेलें साल त्याचें भाग्य ठरवितें. नोकरदार अठ्ठावन्न वा साठाव्या वर्षीं निवृत्त होतो, त्यास मधलीं दहा-बारा वर्षें तिष्ठावें लागतें. कपाशीच्या शेतांत वांकणाऱ्या वृद्धेस तर निवृत्ति हा शब्दच परका. तेव्हां घरांतील शिकलेल्या मंडळींनीं एवढें तरी करावें : वृद्धाचें कार्ड आजारपणाची वाट न पाहतां काढून ठेवावें. कागदावर नांव नसल्यामुळें ज्यांना आयुष्यभर बाहेर राहावें लागलें, त्यांच्यावर तीच पाळी पुन्हा यावी, हें कोणत्याहि घरास शोभणारें नाहीं.