हात इथे, डोळे तिथे

परवा उत्तनला मामाकडे जाऊन आलो. भाईंदर पश्चिमेला स्टेशनबाहेर बस पकडायची, मिठागरं मागे टाकायची आणि सुक्या बोंबलाचा वास आला की समजायचं, उतरायची तयारी करा. या वेळी पिशवीत नेहमीच्या बिस्किटांबरोबर लॅपटॉप आणि टॅब्लेटही होता.

मामाने आयुष्यभर होड्यांवर नावं लिहिली. पावसाळी बंदीत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, तेव्हा त्याचा हंगाम. आता गुडघे साथ देत नाहीत, शिडीवर चढवत नाही. शिवाय नाखव्यांना दुकानातून कापून आणलेली व्हिनाइलची अक्षरं सोयीची वाटतात. कॉम्प्युटरवर फॉन्ट निवडला, काम झालं.

पंधराएक वर्षांपूर्वी मी त्याला चित्र काढायची एक काळी पाटी दिली होती. पेन पाटीवर चालवायचं आणि रेघ समोरच्या मॉनिटरवर बघायची. पाच मिनिटांत त्याने पेन खाली ठेवलं. "हात इथे, डोळे तिथे. असं कोण लिहितं?" मामी तिथेच टीव्हीवरची मालिका बघत जाळं दुरुस्त करत होती. ती नुसती हसली. सवयीचा भाग असतो हे खरंच, कितीतरी चित्रकार तशा पाटीवर सफाईने काम करतात. पण मामाचा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. ही ताटातूट केली कुणी?

गंमत अशी की संगणकावरची रेघ सुरुवातीला पडद्यावरच काढली गेली होती. १९६३ साली एमआयटीत आयव्हन सदरलंड या विद्यार्थ्याने पीएचडीसाठी 'स्केचपॅड' नावाचा प्रोग्राम केला. टीएक्स-२ हे अवाढव्य मशीन, त्याला जेमतेम सात इंचांचा चौकोनी पडदा आणि हातात प्रकाश ओळखणारं पेन. पेन टेकवाल तिथेच रेघ. म्हणजे मामाला हवं होतं अगदी तेच!

पुढच्याच वर्षी, १९६४ मध्ये, अमेरिकेतल्या रँड कॉर्पोरेशनने पाटी वेगळी काढली. साधारण दहा इंचांचा चौरस, आत बारीक तारांची जाळी, पेन कुठे आहे ते दहा लाखांहून अधिक बिंदूंमधून नेमकं ओळखणारी. यात सोय मोठी होती. उभ्या पडद्यावर हात धरून ठेवला की खांदा भरून येतो, पाटीवर तो आरामात टेकतो. पण त्या आरामाच्या बदल्यात डोळे आणि हात वेगळे झाले. १९८३ मध्ये जपानात वॅकॉम कंपनी सुरू झाली आणि तिच्या बिनबॅटरीच्या पेनांमुळे अशा पाट्या जगभरच्या स्टुडिओंत पोचल्या. वॅकॉमनेच २००१ मध्ये 'सिंटिक' आणला. पडदाही तोच, पाटीही तीच. ताटातूट संपली, पण किंमत अशी की होड्या रंगवणाऱ्याने नुसतं ऐकावं.

आपल्या अक्षरांनीही असाच एक प्रवास केला. विंडोज २००० बरोबर आलेला 'मंगल' फॉन्ट तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वर्षानुवर्षं वाचला असेल. तो रघुनाथ कृष्ण जोशी यांचा. आयआयटी मुंबईच्या आयडीसीत शिकवलेले, पुढे मुंबईच्याच एनसीएसटीत काम केलेले हे सुलेखनकार २००८ साली गेले. देवनागरीची जाड-बारीक वळणं बोरूच्या तिरक्या कापातून आलेली. फॉन्टमध्ये ती बिंदू आणि वक्ररेषांच्या रूपात साठवावी लागतात. हाताचा दाब तिथे जात नाही, जातो तो फक्त अक्षराचा काठ.

असो. २०१० मध्ये आयपॅड आला आणि त्याच वर्षी 'एअर डिस्प्ले'सारख्या ॲपने त्याचा दुसरा मॉनिटर करून दाखवला. २०१४ मध्ये 'ड्युएट' आलं, २०१९ मध्ये ॲपलने 'साइडकार' थेट मॅकमध्येच घातलं. युक्ती साधी आहे. संगणक समजतो की आपल्याला आणखी एक मॉनिटर जोडलाय, त्याचं चित्र तो व्हिडिओसारखं वायफायने किंवा केबलने टॅब्लेटकडे पाठवतो. पेन कुठे टेकलं, ते उलट दिशेने परत येतं. या जाण्यायेण्यात उशीर झाला की रेघ पेनाच्या मागे रेंगाळते आणि मामाची जुनी तक्रार पुन्हा उभी राहते. म्हणून मी केबल लावली.

मामाने आधी पडद्यावरून बोट फिरवलं. "रंग कधी सुकणार याचा?" मग चष्मा पुसला, पेन ब्रशसारखं लांब धरलं आणि शेजारच्या नाखव्याच्या होडीचं नाव लिहिलं. दोनदा पुसलं. तिसऱ्यांदा लिहिलं तेव्हा मामी जाळं बाजूला ठेवून बघायला आली. मी बाजूच्या लॅपटॉपवर त्या अक्षरांचे काठ आखून घेतले, म्हणजे 'मंगल'साठी जोशींनी जे केलं त्याचा अगदी बाळबोध प्रकार, आणि फाइल व्हिनाइलवाल्याकडे दिली.

आठ दिवसांनी होडीवर नाव चढलं, नाळेच्या दोन्ही बाजूंना. मामाला हाताला धरून किनाऱ्यावर नेलं. त्याने या बाजूने पाहिलं, मग हळूहळू वळसा घालून त्या बाजूने पाहिलं. अक्षर त्याचंच होतं, ओळखू येत होतं. मला वाटलं, खूश झाला.

"दोन्हीकडे अगदी सारखंच आलं रे," तो म्हणाला. "माझं कधी यायचं नाही."

ही तक्रार होती की कौतुक, ते मी अजून विचारलेलं नाही.